बदली केलाँगला

बदलीचा हुकूम आला तेव्हा लातुरात मे महिना चालू होता आणि आमच्या शाखेतला एसी बंद पडला होता. मी बँकेत नोकरीला. प्रमोशन झालं होतं, त्यामुळे बाहेरच्या राज्यात जावं लागणार हे ठाऊक होतं. मनाशी मी हैदराबाद धरून बसले होते, म्हणजे उदगीरमार्गे शनिवारी घरी येता आलं असतं. स्क्रीनवर गावाचं नाव वाचलं, केलाँग. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, हे कुठं आलं? त्यानं मोबाइलवर नकाशा उघडला, वर सरकवला, आणखी वर सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, हिमाचल. अजून जरा वर गेलं की चीनच लागतो."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. ते एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत. ते खुर्चीवर बसले आणि हसायलाच लागले. "इतकी वर्षं मी पोरांना बर्फाची सुप्त उष्णता शिकवून राहिलो," ते म्हणाले, "अन् बर्फ पाहिला कुठं? रसवंतीवर. पोत्यात गुंडाळलेला." मलाही हसू आवरेना. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. तिनं दप्तर ठेवता ठेवता विचारलं, "तिथं शाळेला स्वेटर घालून जातात का?" आम्ही हो म्हटल्यावर ती घरभर नाचत सुटली. लातूरच्या थंडीत स्वेटर कपाटातून निघेपर्यंत थंडी संपलेली असते, हे तिचं जुनं दुखणं होतं.

खरं तर रडायला पाहिजे होतं. नवीन भाषा, नवीन शाळा, नवऱ्याचे क्लास, सगळंच अधांतरी. पण त्या दिवसापासून आमच्या घरात जे शिरलं ते काळजीसारखं नव्हतं. लग्नघरात पोरं जशी उगाच इकडून तिकडं पळतात, तसं आमचं झालं होतं. क्लासच्या मालकांनी ऑनलाइन शिकवायला होकार दिला आणि नवऱ्याला चक्क गाणं सुचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वेटर घ्यायला निघालो. गंजगोलाईच्या बाजारात ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते. पहिल्या दुकानदारानं आमच्याकडं बघून गल्ल्यावरचा पंखा आमच्या दिशेनं वळवला. त्याला वाटलं, ऊन लागलंय. "स्वेटर, हातमोजे, कानटोपी," नवऱ्यानं पुन्हा सांगितलं. "कुणासाठी?" "आमच्यासाठीच." त्यानं पोटमाळ्यावरून एक गाठोडं काढलं. त्यातून डांबरगोळ्यांचा वास सुटला. मुलीनं लाल स्वेटर अंगात घातला तो काढायलाच तयार होईना. घरापर्यंत रिक्षात ती घामानं न्हाऊन निघाली आणि कूलरसमोर बसून म्हणाली, "आता थोडी थंडी वाजायला लागली."

माझी आई किल्लारीजवळ राहते. भूकंप झाला तेव्हा मी फार लहान होते. मला आठवते ती नंतरची पत्र्याची शेड, बाकी काही नाही. आईला मात्र सगळं आठवतं, म्हणून ती त्याबद्दल बोलत नाही. फोनवर तिला बदलीचं सांगितलं तर तिनं थंडीचं विचारलं नाही, किती लांब आहे तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "घर कशाचं हाय?"

"अजून बघितलं नाही, आई."

"बघून सांग. दगडाचं आसंल तर घिऊ नको."

मग राहिले मामा. माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. ते कंधारजवळच्या आमच्या गावात एकटेच राहत. सासूबाई जाऊन बरेच दिवस झाले होते. मामा एसटीत ड्रायव्हर होते आणि रिटायर झाल्यावरही खाकी कोट अंगावेगळा करत नसत. त्यांना कसं सांगायचं यावरून कंधारपर्यंत आम्हा दोघांची तालीम चालली होती. नवरा म्हणाले, तू सांग, तुझं ऐकतात. मी म्हटलं, वडील तुमचे.

मामांनी चहा होईस्तोवर सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घाट हाय का?"

"घाटच घाट आहेत, मामा," मी म्हटलं. "सगळा रस्ता डोंगरातून."

"मग म्या बी येतो."

नवरा म्हणाले, "बापू, तिथं लई थंडी राहते. तुम्हाला सोसायची न्हाई."

"तुला सोसंल अन् मला न्हाई का? तू तर लहानपणी मोरीत आंघोळ करायला रडायचास." मामा उठले, आत गेले आणि पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आणली. बहुतेक ते आमच्या येण्याआधीच कुणाकडून तरी ऐकून बसले होते, कारण ट्रंक अर्धी भरलेली होती. तळाशी ज्वारीचं पोतं बसवलं होतं. आम्ही वाटभर जी तालीम केली ती अशी वाया गेली. मी घरामागं जाऊन पोटभर हसून घेतलं.

नांदेडहून अमृतसरची गाडी धरली. या गाडीतून आधी प्रवास केलेल्या एका शिक्षकांनी सांगितलं होतं, ताट-वाटी हाताशी ठेवा, वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो. आम्ही तरी शेंगदाण्याची चटणी, धपाटे, दशम्या असं तीन घरांना पुरेल एवढं घेतलं होतं. पहिल्या मोठ्या स्टेशनवर बादल्या घेऊन माणसं धावत आली आणि खिडकीतून डाळ-भात वाढायला लागली. मुलगी ताट पुढं करून बसलेलीच होती. मामांना संकोच वाटत होता. "आपण तिकीट काढलंय, फुकट कसं खावं?" शेजारचे सरदारजी म्हणाले, "अंकल, ये तो गुरु का है, लेना पड़ता है।" मामांनी ताट पुढं केलं. मग प्रत्येक स्टेशनवर तेच आमच्या आधी दारात. आणि घेतलेल्याची परतफेड म्हणून सगळ्या डब्यात आमचे धपाटे वाटत सुटले. सरदारजींना शेंगदाण्याची चटणी इतकी आवडली की त्यांनी डबी रिकामी करून धुऊन दिली. अंबाल्याला उतरलो तेव्हा आमच्याकडं खायला काहीच शिल्लक नव्हतं आणि डब्यातले सगळे लोक आमचे पाहुणे झाले होते.

पुढं दोन दिवस बसचा प्रवास. मामांनी पहिल्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताची सीट पकडली. डोंगर सुरू झाला तसा त्यांचा उजवा पाय ब्रेक मारल्यासारखा आपोआप खाली दाबला जायला लागला. वळण आलं की पाय दाबायचा, समोरून ट्रक आला की पाय दाबायचा. ड्रायव्हर तरुण होता, ओठात गाणं घोळवत गाडी वळवत होता. खाली नदी दोऱ्यासारखी दिसत होती. मामा मागं वळून मला म्हणाले, "ह्यो गाडी हाकून राहिला का वरातीत नाचून राहिला?" पण त्यांचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता. चहाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "हम भी डायवर. महाराष्ट्र. यस्टी." ड्रायव्हरनं वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. नंतरच्या प्रत्येक अवघड वळणानंतर तो आरशातून मामांकडं बघायचा आणि मामा मान हलवायचे, जमलं म्हणून.

मनालीपर्यंत सगळं हिरवं होतं, देवदार, ओढे, कॅलेंडरवर असतं तसं. मग बोगदा आला. लांबच लांब. बोगद्यातून बाहेर पडलो आणि झाडं गेली. समोर नुसते उघडे, तपकिरी, प्रचंड डोंगर, माथ्यावर बर्फाच्या रेघा. मी मनात म्हटलं, आता मामा नाराज होणार. मामांनी काचेला नाक लावलं. मग म्हणाले, "हे तर आपलंच माळरान हाय की. फक्त उभं करून ठेवलंय." नवरा आणि मी हसायला लागलो ते केलाँगच्या स्टँडवर उतरेपर्यंत.

घर बाजाराच्या खालच्या अंगाला होतं. घरमालकीण साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, कानात पोवळी. त्यांनी दारातच "जुले" म्हटलं. तिकडचा नमस्कार तो. मामांनी हात जोडून "नमो बुद्धाय" म्हटलं. बाईंनी चमकून बघितलं. "आप लोग भी?" आम्ही हो म्हटलं. त्यांनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सरळ आपल्या चुलीपाशी नेऊन बसवलं. चूल म्हणजे खोलीच्या मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. तिला तंदूर म्हणतात. त्यांनी आम्हाला लोणी घातलेला खारट चहा दिला. मी घोट घेतला आणि नवऱ्याकडं बघायचं टाळलं. मामांनी अर्धा पेला संपवून मला हळूच सांगितलं, "बाई, चहा म्हणून पिऊ नको. कढी म्हणून पी." तसं केलं तर खरंच गेला. दुसऱ्या दिवसापासून मामा त्यात पोळी चुरून खायला लागले.

आईला व्हिडिओ कॉल केला. तिला मुलीचा लाल स्वेटर दिसला, मामा दिसले, खिडकीतला डोंगर दिसला. ती म्हणाली, "ते राहू दे, खांब दाव." मी फोन फिरवला. "त्या कोपऱ्यातला दाव. वर दाव." घरमालकीणबाई विचारायला लागल्या, माँजी क्या देख रही हैं? मी सांगितलं, भूकंपाचं सगळं सांगितलं. बाई उठल्या, खांबापाशी गेल्या आणि त्यावर दोन बुक्क्या मारून कॅमेऱ्याकडं बघत म्हणाल्या, "माँजी, सीमेंट. सरिया. पक्का." माझ्या आईला हिंदी फारसं येत नाही. पण सरिया म्हणजे गज हे तिला बरोबर कळलं. "बाई चांगली दिसती," ती म्हणाली आणि मग थंडीचं विचारलं.

बँकेत माझा पहिला दिवस हिंदीनं गाजवला. मला वाटायचं, मला हिंदी येतं. नांदेड-लातूरच्या बाजारात जे बोलतो ते हिंदीच असतं, असा माझा समज. काउंटरवर एक म्हातारी बाई आली. मी प्रेमानं विचारलं, "अम्मा, तुमकू क्या होना?" म्हणजे तुम्हाला काय पाहिजे. त्या घाबरल्या. "मुझे क्या होना है? मैं तो ठीक हूँ।" मी म्हटलं, "नक्को घबराओ." त्यावर तर त्यांनी मागं उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली. शाखेत माझ्याखेरीज दोघंच. त्यातल्या कॅशियरनं सगळं समजावून सांगितलं तेव्हा म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी पोचली की नव्या मॅनेजर मॅडम प्रत्येकाला तुमचं काय होणार ते विचारतात. मग लोक मुद्दाम यायला लागले. दुकानदार सकाळी शटर उघडता उघडता मला विचारायचे, "मैडम, आज क्या होना?"

आणलेल्या ज्वारीचं दळण हा पुढचा प्रश्न होता. गावाखाली ओढ्यावर चालणारी एक चक्की होती, पाण्याच्या जोरावर जातं फिरतं, त्याला घराट म्हणतात. लोक तिथं सातू दळतात. मामा आणि मुलगी पिशवी घेऊन गेले. चक्कीवाल्यानं ज्वारीचा दाणा तळहातावर घेतला, उजेडात धरला, चावून बघितला आणि आणखी दोघांना बोलावून दाखवला. पीठ जरा भरड निघालं. पण त्या पिठाची भाकरी तंदूरवर अशी फुगली की मी तव्यासमोर उभी राहून एकटीनंच टाळ्या वाजवल्या. घरमालकीणबाईंना ठेच्याबरोबर एक भाकरी दिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी दुसरी मागितली.

ऑक्टोबरात एका रविवारी मामा म्हणाले, वर गोंपा दिसतोय तिथं जाऊ. चढ बराच होता. मठाच्या आत अंधारात तुपाचे दिवे, भिंतीभर रंगवलेली चित्रं, मधे बुद्धाची मोठी मूर्ती. मामांनी टोपी काढली, मूर्तीसमोर बसले आणि आमच्या विहारात म्हणतात तशी वंदना म्हणायला लागले. आधी त्रिसरण, मग पंचशील. त्यांचा आवाज ड्रायव्हरचा, एसटीच्या इंजिनवर मात करून बोलायची सवय असलेला. सगळा गोंपा घुमायला लागला. एक म्हातारे लामा आतून आले आणि दारातच थांबले. वंदना संपल्यावर ते जवळ आले, त्यांनी तेच शब्द पुटपुटून पाहिले. बुद्धं सरणं. त्यांचा उच्चार वेगळा, मामांचा वेगळा. लामांना मामांचं हिंदी कळेना आणि मामांना लामांचं. तरी दोघं तासभर बोलत बसले. निघताना लामांनी मामांच्या खांद्यावर पांढरा रेशमी पट्टा घातला. मामांनी तो मफलरीसारखा गळ्याभोवती गुंडाळला. मला वाटलं, चुकलं काहीतरी. लामांनी बघितलं आणि दात नसलेलं तोंड उघडून हसले. उतरताना मामा म्हणाले, "इथले बुद्ध रंगीत हाईत. पण वळख पटली."

लातूरची माणसं नळाला पाणी आलं की घरातलं सगळं भरून ठेवतात. बादल्या, घागरी, कुकर, फुलदाणी. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळे ते अंगातच भिनलेलं असतं. केलाँगला चोवीस तास पाणी होतं तरी आम्ही दोन ड्रम आणून स्वयंपाकघरात तंदूरच्या बाजूला भरून ठेवले होते. घरमालकीणबाई आल्या-गेल्याला ते ड्रम दाखवून हसायच्या. त्या वर्षी थंडी अचानक आणि लवकर उतरली. लोकांनी पाइपांना गुंडाळायची पोती अजून बाहेरही काढली नव्हती, तोवर एका सकाळी सगळे नळ गोठले. आधी बाई बादली घेऊन आल्या, काही न बोलता, गालातल्या गालात हसत. मग वरच्या मजल्यावरचे, मग शेजारच्या इमारतीतले. मुलगी स्टुलावर उभी राहिली आणि आमच्या गल्लीतल्या टँकरवाल्याचा आवाज काढून ओरडायला लागली, "एका घराला एकच हंडा, ढकलाढकली करायची न्हाई." कुणाला शब्द कळत नव्हते, पण सगळे मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.

पहिला बर्फ कामाच्या वेळेतच आला. मी एका बागायतदाराच्या कर्जाचे कागद बघत होते. कॅशियर म्हणाला, मैडम, गिर रहा है। मी खिडकीकडं बघितलं. कापूस पिंजताना उडतो तसं काहीतरी हवेत तरंगत होतं. मी त्या बागायतदाराला म्हटलं, "एक मिनिट," आणि तशीच बाहेर गेले, चष्म्यासकट, पेन हातात. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि तोंड वर केलं. गार, हलकं, चव नसलेलं. मग मी गोल फिरायला लागले. चाळिशीला आलेली बाई, शाखेची मॅनेजर. भानावर आले तेव्हा बँकेच्या पायरीवर बागायतदार, कॅशियर, शिपाई आणि भाजीवाली ओळीनं उभे होते. बागायतदार म्हणाला, "मैडम, आराम से। अभी छह महीने गिरेगा।"

घरी पोचले तर नवऱ्याचा क्लास चालू होता. लॅपटॉप खिडकीत, कॅमेरा तंदूरकडं वळवलेला. त्यांनी पातेल्यात बर्फ भरून तंदूरवर ठेवला होता आणि त्यात थर्मामीटर उभा धरला होता. "बघा, खाली जाळ चालू आहे, बर्फ वितळून राहिलाय, पण पारा शून्यावरच. सरकत नाही. ही उष्णता कुठं गेली?" लातूरमधली सगळी पोरं गप्प बसून ते पातेलं बघत होती. मग एकानं विचारलं, "सर, चाखून बघितला का?" त्यानंतर आठवडाभर मुलं गणितं सोडवायच्या आधी बर्फ दाखवा म्हणायची. क्लासच्या मालकांचा फोन आला, "सर, पोरं बर्फ मागून राहिलीत, पेपर न्हाई." पण ते चिडले नव्हते. त्यांनी स्वतःही दाखवा म्हटलं.

जानेवारीत मात्र एक दिवस आमचं हसणं थांबलं. तीन दिवस बर्फ पडून रस्ते बंद झाले होते. चौथ्या दिवशी आकाश उघडलं आणि मामा काठी घेऊन, जरा पाय मोकळे करतो, म्हणून बाहेर पडले. दुपारच्या जेवणापर्यंत आले नाहीत. नवऱ्यानं मला बँकेत फोन केला. आवाजावरूनच कळलं. मी निघाले. घरमालकीणबाई आधीच बाजाराच्या दिशेनं गेल्या होत्या. ओळखीच्या सगळ्या दुकानांत विचारलं, सकाळी दिसले होते म्हणाले. गोंपाच्या वाटेवर पावलं नव्हती. स्टँडच्या पुढं रस्ता वळतो तिथं त्यांच्या काठीचे बर्फातले ठसे सापडले, आणि काही अंतरावर वाऱ्यानं लोटलेल्या बर्फात ठसे संपले. बाजूला नदीकडं जाणारा उतार. नवरा काठापर्यंत जाऊन खाली बघत उभे राहिले. मी त्यांचा स्वेटर मागून धरून ठेवला होता.

तेवढ्यात वळणाच्या पलीकडून घरघर ऐकू आली. रस्त्यावरचा बर्फ हटवणारं पिवळं यंत्र बर्फाचा फवारा उडवत वळण घेऊन आलं. काचेमागं ऑपरेटर आणि त्याच्या शेजारी खाकी कोट. मामांनी आम्हाला बघितलं आणि दोन्ही हात हलवले.

यंत्र थांबलं. मामा शिडीवरून उतरले, मिशीवर बर्फ. मी रडत होते आणि त्याच वेळी मला हसू फुटत होतं, त्यामुळे तोंडातून भलताच आवाज आला. "मामा, सांगून जायचं होतं," मी म्हटलं. सासऱ्यांवर मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला होता. "जीव गेला होता आमचा. हे नदीत बघत होते तुम्हाला."

मामा मुलाकडं वळले. नवऱ्यानं वडिलांची कॉलर नीट केली फक्त.

"चुकलं," मामा म्हणाले. "ह्यानं बसतो का म्हणून इचारलं. मला न्हाई म्हणता आलं न्हाई." मिशीवरचा बर्फ पुसत म्हणाले, "बाई, सारी उमर म्या रस्त्यावर गाडी हाकली. खड्डे बघितले, धूळ बघितली. पर रस्ताच न्हाई, अन् आपणच तो काढत पुढं जायाचं, असं न्हवतं कधी बघितलं."

ऑपरेटर वरून म्हणाला, "अंकल जी ने हॉर्न भी बजाया।"

त्यानंतर मामांना फोन जवळ ठेवायची सक्ती झाली आणि ऑपरेटरला रविवारी आमच्याकडं जेवायची.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वरच्या ऑफिसातून फोन आला. अवघड भागातली मुदत पुरी होत आली आहे, महाराष्ट्रात देता येईल, नांदेडही मिळू शकेल. साहेबांच्या आवाजात आनंदाची बातमी देणाऱ्याचा गोडवा होता. मी उद्या सांगते म्हटलं. संध्याकाळी जेवताना विषय काढला आणि सगळे एकदम बोलायला लागले. मुलीला शाळेत स्कीइंग शिकवणार होते, हिवाळा यायच्या आधी जायचं म्हणजे काय. नवऱ्याचं म्हणणं, या वर्षी पोरांना बर्फात पाइप का फुटतो ते दाखवायचं ठरलंय. मामा म्हणाले, "म्या मटाराच्या वावरात अर्धेली केलीय, अर्धा माल माझा. ऑगस्टात तोडणी हाय. मधीच सोडून कसं जायाचं?"

"कुणाबरोबर अर्धेली केली?" नवऱ्यानं विचारलं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या, एव्हाना थोडं मराठी कळू लागलेल्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "मेरे साथ," आणि पदर नसूनही पदराआड हसल्यासारखं हसल्या.

मी साहेबांना आणखी एक वर्ष मागितलं. त्यांनी दोनदा विचारलं, घरी काही अडचण आहे का. मी म्हटलं, घरचीच सगळी ऐकत नाहीत.

ऑगस्टात तोडणी झाली. रविवार होता म्हणून मीही गेले. उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वावरात आम्ही सगळे एका ओळीत वाकलो होतो, पाठीवर ऊन, खाली नदीचा आवाज. मुलगी एक शेंग टोपलीत टाकायची आणि दोन तोंडात. मीही तेच करत होते, फक्त बाईंची पाठ वळली की. नवऱ्याच्या टोपलीत पाला जास्त होता. मामा बांधावर उभे राहून सगळ्यांवर ओरडत होते, वेल ओढू नका, नखानं तोडा, आणि त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे शेंगांनी फुगले होते. दुपारी मंडईचा ट्रक आला. बाईंनी आणि मामांनी पोती मोजून चढवली. मग मामा ट्रकच्या ड्रायव्हरपाशी गेले आणि काचेवर हात ठेवून त्याला बराच वेळ काहीतरी समजावून सांगत राहिले. काय सांगत होते ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा उजवा पाय खाली जमिनीवर दाबत होता आणि सोडत होता, आणि ड्रायव्हर अगदी मन लावून ऐकत होता.